नीलकमल दुर्घटना : बोट बुडते कशामुळे, उलटते कशामुळे आणि लाइफ जॅकेट नेमकं काय करतं?

तारीख १८ डिसेंबर २०२४. वेळ दुपारी चारच्या आसपास. गेटवे ऑफ इंडियाहून घारापुरीला, म्हणजे एलिफंटाला निघालेली ‘नीलकमल’ ही प्रवासी बोट मुंबई बंदराच्या पाण्यात होती. बुधवार असूनही बोट भरलेली होती. तेवढ्यात नौदलाची एक स्पीडबोट पाण्यात वेगाने वळणं घेताना प्रवाशांना दिसली. एकाने मोबाइल काढून शूट करायला सुरुवात केली. पुढच्या काही सेकंदांत ती स्पीडबोट थेट नीलकमलवर येऊन आदळली.

तो व्हिडिओ तुमच्याही फोनवर आला असेल.

नौदलाने सांगितलं की इंजिनाची चाचणी सुरू असताना बिघाड झाला आणि बोटीवरचा ताबा सुटला. टक्कर झाल्यावर नीलकमलमध्ये पाणी शिरलं, ती कलली आणि उलटली. दोन्ही बोटींवर मिळून शंभरहून जास्त माणसं होती. नौदल, तटरक्षक दल, सागरी पोलीस आणि आसपासच्या बोटींनी बहुतेकांना वाचवलं, पण १५ जणांचा जीव गेला. त्यात लहान मुलंही होती आणि नौदलाच्या स्पीडबोटीवरची माणसंही.

त्यानंतर दोन गोष्टींवर प्रचंड चर्चा झाली. पहिली, बोटीला ८४ प्रवासी आणि ६ कर्मचाऱ्यांचा परवाना होता, पण माणसं त्याहून जास्त होती. दुसरी, वाचलेल्या अनेकांनी सांगितलं की बोटीत बसताना त्यांना लाइफ जॅकेट दिलंच नव्हतं. दुसऱ्याच दिवसापासून गेटवेवर प्रत्येक प्रवाशाला जॅकेट सक्तीचं झालं आणि जॅकेट घालून काढलेले सेल्फी सगळीकडे फिरू लागले.

दोन्ही मुद्दे महत्त्वाचे आहेत, यात वाद नाही. पण कॉमेंट्समध्ये एक प्रश्न सारखा दिसत होता. ‘वीस-पंचवीस माणसं जास्त झाली म्हणून एवढी मोठी बोट बुडते का?’ या प्रश्नाचं सरळ उत्तर ‘नाही’ असं आहे. आणि हे ‘नाही’च जास्त धोकादायक आहे. ते का, हे समजून घ्यायचं तर आधी बोट तरंगते कशी हे बघावं लागेल.

कळशी तरंगते, तशीच बोट

स्टीलची रिकामी कळशी विहिरीत किंवा नदीत सोडली की ती बुडत नाही. पाण्यावर डुलत राहते. पाणी भरायचं असेल तर तिला मुद्दाम तिरकी करावी लागते. तोंड पाण्याच्या पातळीला आलं की ती बुडबुड करत पाणी पिते आणि मग मात्र थेट तळाला जाते. स्टील तेच, कळशी तीच. बदललं फक्त आत काय आहे ते. आधी हवा होती, आता पाणी आहे.

शाळेत आर्किमिडीजचा नियम सगळ्यांनी पाठ केलेला असतो. वस्तू जेवढं पाणी बाजूला सारते, तेवढ्या पाण्याच्या वजनाइतका जोर तिला खालून वर ढकलतो. दहा लिटरची कळशी दीड किलोची असेल तर तिला दीड लिटर पाणी बाजूला सारलं की पुरतं. म्हणून ती थोडीशीच पाण्यात जाते आणि बाकी वर राहते. तीच कळशी पाण्याने भरली की एकूण वजन साडेअकरा किलो होतं आणि पूर्ण बुडूनसुद्धा ती जेमतेम दहा लिटर पाणीच बाजूला सारू शकते. हिशोब जुळत नाही, कळशी खाली जाते.

पण हा वर ढकलणारा जोर येतो कुठून? तो येतो दाबातून. पाण्यात जेवढं खोल जाल तेवढा वरच्या पाण्याचा भार वाढतो. दर १० मीटरला साधारण एका वातावरणाइतका, म्हणजे दर चौरस सेंटीमीटरला एक किलो. एक मीटर खोलीवर हाच आकडा दर चौरस मीटरला एक टन होतो. बोटीच्या दोन्ही कुशींवर पडणारा दाब एकमेकांना खोडून काढतो, पण तळावर वरच्या दिशेने लागणारा दाब खोडायला वरून पाणी नसतं, फक्त हवा असते. राहिलेला हा फरक बोटीला उचलून धरतो.

हिशोबासाठी एक साधी, सपाट तळाची बोट घेऊ. लांबी साडेबारा मीटर, रुंदी चार मीटर, आणि ती ८० सेंटीमीटर पाण्यात गेलेली आहे. ही मापं नीलकमलची नाहीत, फक्त अंदाज यावा म्हणून घेतलेली आहेत. तळाचं क्षेत्रफळ झालं ५० चौरस मीटर. समुद्राचं पाणी गोड्या पाण्यापेक्षा थोडं जड असतं, घनमीटरला साधारण १०२५ किलो. म्हणजे या तळाला खालून जवळपास ४१ टनांचा जोर लागतोय. बोट, इंजिन, डिझेल आणि माणसं मिळून वजन ४१ टन असेल तर ती इथेच स्थिर राहील.

आता तिच्यावर २० माणसं जास्तीची चढवा. प्रत्येकी ६५ किलो धरले तर १,३०० किलो झाले. बोट किती खाली जाईल? अडीच सेंटीमीटर. फक्त एक इंच.

धक्क्यावर उभं राहून हा एक इंच कुणालाच दिसत नाही. खलाशाला दिसत नाही, तिकीट फाडणाऱ्याला दिसत नाही आणि ‘अजून दोन जण बसतील’ म्हणणाऱ्या प्रवाशाला तर नाहीच नाही. बोट आरामात तरंगतेय, मग परवान्यावरच्या आकड्याला अर्थ काय, असं वाटणं साहजिक आहे. रोज असंच होतं आणि रोज काही होत नाही. म्हणून आकडा कागदावर राहतो.

मग ८४ हा आकडा कशासाठी?

प्रवासी बोटीवर किती माणसं चढवायची हे ठरवताना ती किती वजनाने बुडेल एवढाच प्रश्न नसतो. माणसं हलली तर ती सरळ राहील का, हाही प्रश्न असतो. तरंगणं आणि सरळ राहणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. उलटलेल्या कित्येक बोटी पुढे तासन्‌तास उलट्या तरंगत राहतात. तरंगण्याची परीक्षा त्या पास झालेल्या असतात.

पुन्हा त्याच बोटीकडे येऊ. तिच्यावरची ४० माणसं मधून उठून एका कठड्याला गेली, म्हणजे सरासरी दीड मीटर बाजूला सरकली. वजन एका किलोनेही वाढलेलं नाही. पण अशा आकाराची बोट त्यामुळे साधारण आठ अंशांनी कलू शकते. आठ अंश हा आकडा किरकोळ वाटतो. पण चार मीटर रुंद बोटीची ती कड तेवढ्याने जवळजवळ एक फूट खाली जाते. २० माणसं वाढली तर एक इंच आणि ४० माणसं एका बाजूला गेली तर एक फूट! त्यात लाट आली, बाजूने वारा लागला किंवा खिडकीसारखी उघडी जागा खाली असली की कळशीचं तोंड पाण्याला लागायला वेळ लागत नाही.

गेटवेहून हिवाळ्यात प्रवास केला असेल तर हे दृश्य तुम्ही पाहिलं असेल. बोट सुटली की सीगल्स मागे लागतात. कुरकुऱ्यांची पाकिटं फुटतात, सगळे मोबाइल बाहेर येतात आणि पक्षी ज्या बाजूला जास्त, त्या कठड्याला अख्खी बोट गोळा होते. खलाशी ओरडतो, ‘एका साइडला होऊ नका!’ आणि लोकांना वाटतं हा उगाच आवाज करतोय.

बोट कलली की तिला पुन्हा सरळ करणारा जोरही असतो. कलल्यावर एका बाजूचा भाग जास्त पाण्यात जातो, तिथे खालून ढकलणारा दाब वाढतो आणि बोट परत उभी राहायला बघते. हा जोर कशावर ठरतो? बोटीच्या रुंदीवर आणि वजन किती उंचावर आहे त्यावर. रुंदीचा परिणाम तर अफाट आहे. पाण्याच्या पातळीला बोट दुप्पट रुंद असेल तर आकारामुळे मिळणारा आधार आठपट होतो. म्हणून भाऊचा धक्का ते मांडवा धावणाऱ्या रुंद रो-रो जहाजावर गाड्या चढल्या-उतरल्या तरी तुम्हाला फारसं जाणवत नाही आणि अरुंद होडीत एक माणूस उभा राहिला तरी सगळ्यांचा जीव वरखाली होतो.

वजनाच्या उंचीचं गणितही सोपं आहे. जड वस्तू तळाला, हलकी वर, तर बोट स्थिर. घाटावर टपावर सामान लादलेली जीप वळणावर कशी झुकते ते आठवा. प्रवासी बोटींचा वरचा डेक हा तोच टप आहे. हवा छान लागते, फोटो छान येतात आणि काही बोटींवर वर बसायचे थोडे पैसेही जास्त घेतात. पण खालून उठून वर गेलेला प्रत्येक माणूस बोटीची स्थिरता थोडी कमी करतो. परवान्यात एकूण आकड्याइतकंच कोणत्या डेकवर किती, हे महत्त्वाचं असतं ते यामुळे. बातम्यांमध्ये मात्र ‘क्षमता ८४’ एवढंच येतं.

रामदास ते उजनी

कोकणातल्या जुन्या माणसांना हे नव्याने सांगायची गरज नाही. त्यांच्यासाठी ‘रामदास’ हे एकच नाव पुरेसं आहे.

१७ जुलै १९४७. स्वातंत्र्याला महिनाही उरला नव्हता. गटारी अमावास्येसाठी गावी निघालेल्या लोकांनी भरलेली ‘रामदास’ बोट सकाळी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघाली. पावसाळी हवा, खवळलेला समुद्र. काश्याच्या खडकाजवळ मोठ्या लाटांनी बोट कलली. घाबरलेली माणसं एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला धावली आणि बोट उलटली, असं त्या दुर्घटनेबद्दल सांगितलं जातं. सहाशेहून जास्त माणसं गेली. अलिबाग-रेवस पट्ट्यातल्या कित्येक घरांत त्या दिवसाची आठवण अजून काढली जाते. त्या बोटीला कोणी धडक दिली नव्हती.

२१ मे २०२४ ला उजनी धरणाच्या पाण्यात झालेली दुर्घटनाही अशीच. करमाळा तालुक्यातल्या कुगावहून इंदापूरच्या कळाशीकडे निघालेली छोटी बोट वादळी वाऱ्यात उलटली. सहा जण बुडाले, एक जण पोहून काठाला लागला. तिथेही टक्कर नव्हती. छोटी बोट, मोकळं पाणी, अचानक सुटलेला वारा. रस्त्याने लांबचा फेरा पडतो म्हणून धरणाच्या दोन काठांवरची माणसं अशा बोटींवर अवलंबून असतात. तिथे सीगल्स नाहीत, सेल्फी नाहीत आणि म्हणून नीलकमलइतकी चर्चाही झाली नाही.

नीलकमलची गोष्ट यापेक्षा वेगळी आहे, कारण तिथे आधी धडक बसली. ताबा सुटलेल्या स्पीडबोटीला प्रवाशांच्या संख्येशी काही देणंघेणं नव्हतं. माणसं परवान्याइतकीच असती तरी ती आदळलीच असती. त्यामुळे ‘जास्त माणसं भरली म्हणून बुडाली’ हे वाक्य सोयीचं असलं तरी अर्धवट आहे. जास्तीच्या माणसांचा खरा परिणाम होतो तो धडकेनंतर. बोट किती वेळ उभी राहणार आणि किती जणांना बाहेर पडायला मिळणार, हे तेव्हा ठरतं.

भोक केवढं आणि वेळ किती?

पाण्याखाली भोक पडलं की आत येणाऱ्या पाण्याचा वेग खोलीवर ठरतो. एक मीटर खोल भोक असेल तर पाणी सेकंदाला चार मीटरपेक्षा जास्त वेगाने आत घुसतं. तळहाताएवढं, म्हणजे १० बाय १० सेंटीमीटरचं भोक घ्या. कडांमुळे धार थोडी आक्रसते, ते धरूनही मिनिटाला साधारण १,६०० लिटर पाणी आत येतं. वजनाच्या भाषेत बोलायचं तर दर मिनिटाला २४ नवे प्रवासी बोटीत चढतात. आणि हे प्रवासी एका जागी बसत नाहीत.

खरा घात इथेच होतो. परातीत बोटभर पाणी घ्या आणि ती दोन्ही हातांनी उचलून चालायला लागा. परात जराशी कलली की सगळं पाणी त्याच बाजूला धावतं आणि ती आणखी कलते. बोटीत शिरलेलं पाणी हेच करतं. बोट ज्या बाजूला झुकेल तिकडे ते जातं आणि तिला आणखी झुकवतं. आपल्या हिशोबातल्या बोटीच्या निम्म्या लांबीत जरी या कुशीपासून त्या कुशीपर्यंत पाणी मोकळं पसरलं, तरी ते तिची सरळ उभं राहण्याची सगळी ताकद खाऊन टाकू शकतं. त्यासाठी बोट भरून पाणी लागत नाही. बोट अजून बुडण्यापासून बरीच लांब असते, पण उलटण्याच्या अगदी जवळ आलेली असते. वाचलेले प्रवासी अनेकदा सांगतात की ‘आधी हळूहळू कलत होती आणि मग एकदम उलटली’. ते ‘एकदम’ या मोकळ्या पाण्यामुळे येतं.

मोठ्या जहाजांचीही यातून सुटका नाही. १९४२ मध्ये न्यूयॉर्कच्या धक्क्याला उभं असलेलं ‘नॉर्मंडी’ हे अजस्र फ्रेंच प्रवासी जहाज पेटलं. आग विझवायला त्यावर इतकं पाणी मारलं गेलं की ते पाणी वरच्या मजल्यांवर साचलं आणि जहाज धक्क्यालगतच आडवं झालं. मुंबईतल्या नौदल गोदीत जुलै २०२४ मध्ये आयएनएस ब्रह्मपुत्रा या युद्धनौकेला आग लागली. आग आटोक्यात आल्यानंतर ती एका बाजूला कलत गेली आणि शेवटी कुशीवर टेकली. आगीनंतर जहाजात साठलेलं पाणी ही जगभरच्या अग्निशमन पथकांची जुनी डोकेदुखी आहे.

यावर उपाय काय? पाणी येणारच असेल तर त्याला मोकळं फिरू द्यायचं नाही. बोटीच्या पोटात आडव्या भिंती घालून बंद कप्पे करायचे, म्हणजे एका कप्प्यात पाणी भरलं तरी बाकीच्या कप्प्यांतली हवा बोटीला धरून ठेवते. मध्ये लांबीच्या दिशेने एक भिंत घातली तर पाण्याच्या त्या इकडून तिकडे धावण्याचा परिणाम एक चतुर्थांशावर येतो. मात्र ही भिंत जपून घालावी लागते, कारण पाणी एकाच बाजूच्या कप्प्यात अडकलं तर बोट त्या बाजूला कलूनच राहते. लहान बोटींत रिकाम्या जागांमध्ये पाणी न शोषणारा फोम भरतात. तो भरलेली बोट पाण्याने तुडुंब झाली तरी बुडत नाही, तिला धरून लोक तग धरू शकतात.

हे सगळं जुनं, सर्वांना माहीत असलेलं तंत्र आहे. पण त्याला पैसे लागतात, जागा जाते आणि कप्प्याच्या झाकणांची देखभाल ठेवावी लागते. झाकण उघडं राहिलं की कप्पा असून नसल्यासारखा. म्हणून एखाद्या बोटीच्या तपासणीत विचारायचा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न ‘जॅकेट किती?’ हा नाही. एक कप्पा पूर्ण भरला तर ही बोट सरळ राहते का, हा आहे. जॅकेट मोजणं सोपं असतं, फोटोही काढता येतो. बोटीच्या पोटात वाकून बघायला वेळ आणि माणूस दोन्ही लागतात.

मदत किती लांब आहे, यावरही सगळं अवलंबून असतं. मार्च २०२० मध्ये गेटवेहून मांडव्याला निघालेल्या ‘अजंठा’ बोटीत मांडव्याजवळ पाणी शिरलं होतं. पोलिसांची गस्ती नौका वेळेत पोहोचली आणि सगळ्या ८८ जणांना वाचवलं. नीलकमलच्या वेळीही आसपासच्या बोटी लगेच धावल्या नसत्या तर आकडा फार मोठा झाला असता. मुंबई बंदर गजबजलेलं आहे, हा धोकाही आहे आणि आधारही.

लाइफ जॅकेट काय करतं?

माणसाचं शरीर गंमतीशीर आहे. छातीत पूर्ण श्वास भरलेला असेल तर ते पाण्यापेक्षा किंचित हलकं असतं, श्वास पूर्ण सोडला तर बहुतेक जण पाण्यापेक्षा किंचित जड होतात. म्हणजे तरंगणं आणि बुडणं यातला फरक फुप्फुसभर हवेचा आहे. समुद्राच्या खाऱ्या पाण्यात थोडी जास्त मदत मिळते, पण तीही थोडीच.

अडचण अशी की आपल्याला नुसतं तरंगून चालत नाही, नाक आणि तोंड पाण्याबाहेर हवं. माणसाचं डोकं साधारण चार ते पाच किलोचं असतं. ते पाण्यात असेपर्यंत पाणी त्याचा भार उचलतं, बाहेर काढलं की तो भार आपल्याला उचलावा लागतो. हात वर केला की आणखी थोडा भार. म्हणूनच घाबरून ‘वाचवा’ म्हणत दोन्ही हात वर करणारा माणूस स्वतःलाच खाली ढकलत असतो. पट्टीचा पोहणारा हा चार-पाच किलोंचा भार हातपाय मारून पेलतो, पण कपडे, बूट, गार पाणी आणि भीती असेल तर किती वेळ?

गावाकडे विहिरीत पोहायला शिकताना पाठीला वाळका भोपळा, पत्र्याचा डबा किंवा पांगाऱ्याच्या लाकडाचा बिंडा बांधायचे. आजीआजोबांना विचारा. तत्त्व तेच. वजन जवळजवळ न वाढवता पाणी बाजूला सारणारी जागा वाढवायची. आजच्या चांगल्या जॅकेटमधला फोम साधारण १० किलोचा भार उचलतो, खुल्या समुद्रासाठीचे त्याहून जास्त. पण भोपळ्यात आणि जॅकेटमध्ये एक मोठा फरक आहे. जॅकेटचा बहुतेक फोम छातीवर आणि मानेमागे असतो. त्यामुळे माणूस बेशुद्ध पडला तरी ते त्याला उताणं वळवायला बघतं आणि तोंड वर ठेवतं. सगळ्या तरंगत्या जाकिटांत ही सोय नसते.

हे सगळं तेव्हाच, जेव्हा जॅकेट नीट बांधलेलं असेल. पट्टे सोडून खांद्यावर नुसतं अडकवलेलं जॅकेट पाण्यात पडल्याबरोबर वर उचललं जातं आणि माणूस त्यातून खाली निसटतो. मोठ्यांचं जॅकेट घातलेल्या लहान मुलाचं तर हमखास असं होतं. कारण जॅकेटला वर जायचंय आणि मूल त्यात अडकून राहील असं काहीच नाही. मुलांसाठी वेगळ्या मापाचं, दोन पायांमधून जाणारा पट्टा असलेलं जॅकेट लागतं. धक्क्यावर ‘जॅकेट सक्ती’ झाली का, यापेक्षा बोटीवर छोटी जॅकेटं किती आहेत, हा प्रश्न आईवडिलांनी विचारायला हवा. अगदी आधी, तिकीट काढतानाच.

आणखी एक बाजू आहे, जी जाहिरातीत येत नाही. जॅकेट फक्त वर ढकलतं, बाहेर नेत नाही. बोट उलटली आणि तुम्ही बंद केबिनमध्ये किंवा ताडपत्रीने झाकलेल्या डेकवर असाल, तर तोच १० किलोंचा जोर तुम्हाला वरच्या बाजूला दाबून ठेवतो आणि खाली डुबकी मारून बाहेर पडणं कठीण होतं. विमानात ‘जॅकेट बाहेर पडताना फुगवा, आत नाही’ असं सांगतात ते यासाठीच. बोटीतल्या फोमच्या जॅकेटला हा पर्याय नाही. त्यामुळे जॅकेट काढून ठेवायचं नाही, तर बाहेर पडायची वाट मोकळी ठेवायची. पाऊस-ऊन अडवायला लावलेले प्लास्टिकचे पडदे, पायवाटेत रचलेल्या बॅगा, एकच अरुंद जिना, या गोष्टी बोट उलटताना जॅकेटचा निम्मा उपयोग घालवतात.

आता कुलाब्यात रेडिओ क्लबजवळ नवी प्रवासी जेटी होणार आहे. २२९ कोटींचा हा प्रकल्प रहिवाशांनी कोर्टात नेला होता. मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये अटी घालून त्याला वाट मोकळी केली आणि सप्टेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यात हस्तक्षेप करायला नकार दिला. गेटवेवरची गर्दी कमी करणं हा जेटीमागचा हेतू सांगितला जातो. गर्दी कमी झाली तर चढताना डोकी मोजणं सोपं होईल. वरच्या डेकवर किती आणि खालच्या डेकवर किती हेही तिथेच मोजता येईल. त्यासाठी २२९ कोटी लागत नाहीत. प्रत्येक जिन्यापाशी एक माणूस आणि ‘आता बास’ म्हटल्यावर त्याचं ऐकणारा बोटमालक, एवढंच लागतं.